स्त्रीधन म्हणजे नक्की काय? मावशीच्या पाटल्यांसाठी विचारतेय

लालबागची भाची

नमस्कार. प्रश्न एका शब्दाचा आहे, पण त्या शब्दावर माझ्या मावशीच्या पाटल्या अडकल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

मावशी लालबागला चाळीत राहते. वय 66. लग्न 1981 च्या मे महिन्यात, आमच्या आजोळी खटाव तालुक्यात झालं. आजीनं स्वतःच्या हातातल्या पाटल्या काढून मांडवातच तिच्या हातात चढवल्या. काका गिरणीत साचेखात्यात होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पहिले काही महिने वाण्याच्या उधारीवर निघाले. मग मावशीनं पाटल्या काढून दिल्या, काकांनी त्या गहाण टाकल्या. गिरणी पुन्हा काही काकांच्या नशिबी आली नाही. वॉचमनची नोकरी करून, पै पै साठवून त्यांनी 1988 मध्ये पाटल्या सोडवल्या. मावशी हे सांगताना अजून थांबते. पाडव्याला तिनं काकांना ओवाळलं, तेव्हा त्यांनी ताटात रुमालाची पुरचुंडी टाकली. तिला वाटलं सुटे पैसे असतील. गाठ सोडली तर पाटल्या. तेव्हापासून त्या तिच्या हातातून कधी उतरल्या नाहीत.

काका या फेब्रुवारीत गेले. मूलबाळ नाही. त्याच दुपारी बायका बांगड्या उतरवायला जमल्या, त्या गडबडीत जावेनं पाटल्याही काढून घेतल्या. "सांभाळून ठेवते, वहिनी" म्हणाली. आता त्या धाकट्या दिरांच्या लॉकरमध्ये आहेत. महिनाभरानं मागितल्या तर दीर म्हणाले, संपात गहाण पडल्या तेव्हाच त्या माहेरच्या राहिल्या नाहीत. सोडवल्या त्या आमच्या भावाच्या पैशानं, म्हणजे घराण्याच्या झाल्या. शिवाय त्यांनी सराफाकडे वजन करून चिठ्ठी आणली: 46 ग्रॅम 200 मिलीग्रॅम. "माहेरच्या पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या असं वहिनीच सांगतात. मग वरचं सहा ग्रॅम सोनं कुणी घातलं? आमच्याच घरानं ना?"

शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, ते स्त्रीधन. त्याला कुणाचा हात लागत नाही." दीर म्हणाले, स्त्रीधन वगैरे पोथीतलं झालं, आता काही चालत नाही.

मला मनापासून समजून घ्यायचंय. हा शब्द आला कुठून? त्यात काय काय येतं? नवरा गेल्यावर ते बायकोचंच राहतं का? मावशी भांडणारी नाही. तिच्या दोन्ही मनगटांवर पाटलीच्या जागी फिकट कडं उमटलंय, ती पदराखाली हात झाकून बसते. मला ते बघवत नाही.

---

फोर्टातला जुना कारकून

ताई, मी फोर्टात एका वकिलांकडे 34 वर्षं कारकुनी केली. वकील नाही, पण असली प्रकरणं हाताखालून खूप गेली. आधी मुद्द्याचं सांगतो, मग इतिहास.

पाटल्या मावशींच्या आहेत. लग्नात आईनं मुलीच्या हातात घातलेला दागिना म्हणजे स्त्रीधनाचं सगळ्यात सरळ उदाहरण. गहाण टाकल्यानं मालकी बदलत नाही. वस्तू सावकाराकडे असते, मालक तोच राहतो. नवऱ्यानं सोडवून परत बायकोच्या ताटात घातली, तर जिची होती तिला परत मिळाली. आणि समजा कुणी म्हटलंच की त्या दिवशी त्या काकांच्या झाल्या होत्या, तरी पाडव्याची ओवाळणी म्हणजे नवऱ्यानं बायकोला दिलेली भेटच. दोन्ही वाटा मावशींच्याच दारात येतात.

"पोथीतलं झालं" हे साफ चूक. हिंदू उत्तराधिकार कायदा 17 जून 1956 ला लागू झाला. त्याचं 14 वं कलम म्हणतं की हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता, कायद्याआधी मिळालेली असो वा नंतर, तिच्या पूर्ण मालकीची. त्याच्या स्पष्टीकरणात स्त्रीधन हा शब्द जसाच्या तसा आलाय. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधनाची मालकीण ती एकटी, सासरच्यांच्या हातात ते असलं तर विश्वासानं सोपवलेलं असतं, आणि परत न देणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. पूर्वी त्याला कलम 406 लावायचे, आता भारतीय न्याय संहितेचं 316. मावशींच्या जाऊबाईंचे "सांभाळून ठेवते" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते कोणाकोणासमोर बोलले गेले, ती नावं आजच वहीत लिहून ठेवा. 2024 मध्येही याच न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे. अडीअडचणीला नवऱ्यानं वापरलं तरी परत देण्याची जबाबदारी त्याची.

आणि भावाच्या पैशाचा एवढा हिशोब करायचा तर हेही कळू द्या की काकांचं जे काही आहे, त्याची पहिल्या वर्गातली वारस बायको आहे. आई हयात असेल तर आई. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो. पहिल्या वर्गातलं कुणी असताना त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सासरचा प्रत्येक दागिना आपोआप स्त्रीधन होत नाही. सणावाराला घालायला दिलेला आणि रात्री सासूच्या कपाटात परत गेलेला चपलाहार असेल, तर तो दिला होता की फक्त घालायला दिला होता, हे पुराव्यावर ठरतं. तुमच्या प्रकरणात हा प्रश्नच येत नाही.

आता इतिहास, कारण तो आपल्या मुंबईचा आहे. इंग्रजी अमलात विधवेची अवस्था अशी होती: एकत्र कुटुंबात नवरा वारला तर त्याचा हिस्सा भावांत मुरायचा, तिला अन्नवस्त्र. नवरा विभक्त असेल आणि मुलगा नसेल तर मालमत्ता तिच्याकडे यायची, पण हयातीपुरती. विकायची तर कायद्याला पटेल अशी गरज दाखवायची, आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे परत. 1856 च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानं लग्नाची मुभा दिली, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडून आलेलं सगळं सुटायचं. या सगळ्यात विधवेचं स्वतःचं म्हणावं असं खरोखर एकच होतं, स्त्रीधन. म्हणून तर त्यावर इतके खटले झाले.

त्यातून वाट काढणारा 1937 चा कायदा केंद्रीय विधिमंडळात मांडला तो मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गोपाळराव देशमुख यांनी. नवऱ्याच्या हिश्श्याइतका हिस्सा विधवेला मिळू लागला, तोही हयातीपुरताच, पण वाटणी मागता येऊ लागली. देशमुख कायदा म्हणायचे त्याला. ज्याला आपण पेडर रोड म्हणतो त्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. रोज हजारो गाड्या तिथून जातात, आणि विधवेच्या हक्कासाठी हा माणूस उभा राहिला होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मला त्याचं वाईट वाटतं म्हणून इथे लिहिलं.

---

पार्ल्याची संस्कृतवाली

शब्दाचं मी सांगते. शाळेत 28 वर्षं संस्कृत शिकवलं.

स्त्रीधन, सरळ षष्ठी तत्पुरुष: स्त्रीचं धन. पण "स्त्रीचं" म्हणजे किती, यावर शतकानुशतकं वाद झाला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात 194 वा श्लोक आहे:

अध्यग्न्यध्यावाहनिकं दत्तं च प्रीतिकर्मणि ।
भ्रातृमातृपितृप्राप्तं षड्विधं स्त्रीधनं स्मृतम् ॥

अध्यग्नि म्हणजे लग्नाच्या अग्नीपुढे दिलेलं. अध्यावाहनिक म्हणजे माहेराहून सासरी निघताना दिलेलं. मग प्रेमानं दिलेलं, आणि भाऊ, आई, बाप यांच्याकडून मिळालेलं. असे सहा. तुमच्या आजीनं मांडवात पाटल्या घातल्या, ते मातृप्राप्तही आणि अध्यग्निही. पाडव्याची पुरचुंडी म्हणजे प्रीतिकर्मणि दत्त. एकाच जोडीला तीन नावं लागू पडतात. वाचताना अंगावर काटा आला माझ्या.

याज्ञवल्क्यानं आपल्या स्मृतीत यादी दिली आणि शेवटी "आद्य" हा छोटा शब्द ठेवला, म्हणजे "वगैरे". कल्याणीला, आजच्या बसवकल्याणला, चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारी बसून विज्ञानेश्वरानं त्याच स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, त्यानं हा "वगैरे" घट्ट धरला. वारशानं मिळालेलं, विकत घेतलेलं, वाटणीत आलेलं, सापडलेलं, सगळं स्त्रीधनच म्हणाला. त्याचं वाक्य माझं आवडतं आहे: स्त्रीधन हा शब्द यौगिक आहे, पारिभाषिक नाही. म्हणजे शब्द जे म्हणतो तेच घ्या, स्त्रीचं जे धन ते स्त्रीधन, त्याला आडून वेगळा अर्थ चिकटवू नका. जवळजवळ 900 वर्षांपूर्वी हे लिहिलंय. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, वारशाच्या बाबतीत त्याचं ऐकलं नाही, आणि बायकांच्या मालमत्तेला पुन्हा हयातीची कुंपणं पडली.

मुंबई बेटावर, गुजरातेत आणि उत्तर कोकणात मात्र मिताक्षरेच्याही वर व्यवहारमयूख हा कायद्यावरचा ग्रंथ मानायचे. तो लिहिणारा नीलकंठ भट्ट काशीचा, पण घराणं मूळचं पैठणचं. या मयूखाची संपादित आवृत्ती काढणारे भारतरत्न पां. वा. काणे गिरगावात आंग्रेवाडीत राहत. या शब्दाचा सगळा प्रवास पैठण, काशी, गिरगाव असा आपल्याच माणसांतून झाला आहे.

आता दिरांसाठी. संकटात वापरलेलं परत द्यायचं नसतं, असाही मुद्दा ते काढू शकतात. याज्ञवल्क्य असं म्हणतो खरं: दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा कुणी अडकवून ठेवलं असताना नवऱ्यानं स्त्रीधन घेतलं, तर ते परत देण्याची त्याच्यावर सक्ती नाही. गिरणी संप हा दुष्काळच होता, मी नाकारत नाही. पण श्लोकात शब्द आहे "भर्ता". सवलत नवऱ्याला आहे, दिराला नाही. आणि तुमच्या काकांनी सवलत असूनही ती घेतली नाही. सहा वर्षं साठवून परत आणून दिलं. त्या माणसाच्या त्या कृतीवर आता त्याच्या भावानं हक्क सांगावा?

आणि मनूचाच त्याच अध्यायातला 200 वा श्लोक त्यांना वाचून दाखवा:

पत्यौ जीवति यः स्त्रीभिरलङ्कारो धृतो भवेत् ।
न तं भजेरन्दायादा भजमानाः पतन्ति ते ॥

नवरा जिवंत असताना बायकांनी जो दागिना अंगावर घातला, तो भाऊबंदांनी वाटून घेऊ नये. घेतील ते पतित होतील. मनूत बायकांना जाचक असं पुष्कळ आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण जो माणूस पोथीचं नाव घेतो त्याला पोथीतलं हे ठाऊक असावं.

---

पेढीवरचा

सोन्याचं मी बोलतो. झवेरी बाजारात वडील, नंतर मी.

ताई, वजनाचा घोळ सोपा आहे. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आता बोलताना सगळे तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात. आजीच्या हातच्या पाटल्या म्हणजे जुन्या मापाच्या. चार तोळे म्हणजे 46 ग्रॅम 650 मिलीच्या आसपास. आज भरल्या 46 ग्रॅम 200. म्हणजे सोनं वाढलेलं नाही, साडेचारशे मिली झिजलंय. 1988 पासून रोज हातात म्हणता, भांडी, धुणं सगळं त्याच हातांनी. एवढी झीज होणारच. उलट ती चिठ्ठी जपून ठेवा, ती मावशींच्या बाजूचा पुरावा आहे.

आणि सोनं वर घातलं असतं तर डाख दिसतो. पाटली भिंगाखाली धरली की जोड कळतो. लॉकर उघडेल तेव्हा आतल्या बाजूला बघा, जुने सोनार तिथे आपला शिक्का मारत.

---

वसईकर

विषय निघालाच आहे म्हणून. आपण सगळे म्हणतो, मुंबई आंदण दिली. 23 जून 1661 च्या तहानं पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर, कॅथरिनबरोबर, मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, आणि 1668 मध्ये त्यानं ती वर्षाला 10 पौंड भाड्यानं कंपनीला दिली. लहानपणी मला वाटायचं मुंबई म्हणजे त्या राणीचं स्त्रीधन. तसं नाही ना? ते राजाला दिलं होतं, तिला नाही.

---

पार्ल्याची संस्कृतवाली

वसईकर, बरोबर पकडलंत. मुलीबरोबर काय पाठवलं यावर नाही, कुणाच्या हातात दिलं यावर ठरतं. जावयाच्या किंवा सासऱ्याच्या हातात गेला तो हुंडा, मुलीच्या हातात गेलं ते स्त्रीधन. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यातही म्हणूनच असं कलम आहे की दुसऱ्या कुणी हुंडा घेतला असेल, तर त्यानं तो ठरावीक मुदतीत त्या बाईच्या हवाली करायचा. गुन्हा तर आहेच, पण वस्तू तिची.

आपल्याकडे चोळीबांगडी म्हणूनही एक शब्द होता. लेकीच्या किंवा सुनेच्या वरखर्चासाठी तोडून दिलेली जमीन, कधी एखादं गाव. तिला चोळीबांगडीपुरतं दिलंय, म्हणायचे. आता तो साडीचोळीच्या मानापुरता उरला.

---

फोर्टातला जुना कारकून

ताई, काल एक महत्त्वाचं राहिलं, रात्री झोप लागेना. मावशींना मूलबाळ नाही म्हणालात. त्यांना मृत्युपत्र करायला सांगा, पाटल्या मिळायच्या आधीच.

कारण सांगतो. त्याच 1956 च्या कायद्याचं 15 वं कलम. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, मुलं नाहीत, नवरा नाही, तर तिची मालमत्ता आधी जाते नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे आईबाप त्यानंतर. आईवडिलांकडून वारशानं आलेलं असेल तर ते माहेरी परत जातं, पण मावशींच्या पाटल्या वारशानं नाही, भेट म्हणून आलेल्या. म्हणजे आज आपण भांडून त्या परत मिळवल्या आणि मावशी मृत्युपत्राविना गेल्या, तर त्या वाजत गाजत त्याच दिरांकडे जातील.

नारायणी देवींचं प्रकरण वाचलंत तर डोळ्यांत पाणी येईल. 1955 मध्ये लग्न, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, नोकरी लागली, आयुष्यभर स्वतः कमावलं. 1996 मध्ये मृत्युपत्र न करता वारल्या. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: कायदा जसा आहे तसा, मिळकत नवऱ्याकडच्या वारसांना. ज्यांनी तिला हाकललं त्यांना. कायदा बदलायला हवा असं मला ठाम वाटतं, पण तोवर आपल्या हातात कागद आहे. साधा कागद, मावशींची सही, दोन साक्षीदार. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

आणि पाटल्या परत मागायच्या वकिली नोटिशीच्या खर्चाची काळजी करू नका. कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. लग्नातली याद्यांची प्रत कुठे सापडते का बघा. आजोळी ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, कुठेही.

---

डोंबिवली फास्ट

मी स्वतः 41 व्या वर्षी विधवा झाले. कायद्याचं वर सगळ्यांनी लिहिलंय. मला एवढंच सांगायचंय की त्या दुपारी बांगड्या उतरवण्याला होकार देणं हे मावशींचं पाप नव्हतं. त्या वेळी बाई भानावर नसते, कोण काय काढून घेतं कळत नाही. माझ्या जोडव्यांचं अजून मला आठवत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड गावानं ही प्रथाच बंद करायचा ठराव केला, नंतर सरकारनंही परिपत्रक काढलं. मावशींना म्हणावं, पदराखाली हात झाकू नका.

---

लालबागची भाची

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. दोन आठवड्यांनी लिहितेय.

याद्या सापडल्या. मामाकडे, आजीच्या ट्रंकेत, तिच्या इरकलीच्या घडीत. मामेभावानं आधी फोटो पाठवला, मग स्वतःच घेऊन आला. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं, आता तपकिरी झालंय. आजोबांचं मोडीवळणाचं देवनागरी. "मुलीचे अंगावर: पाटल्या जोड 1, तोळे 4. बुगड्या जोड 1. मणी मंगळसूत्र वरपक्षाकडून." खाली दोन्हीकडच्या सह्या. वरपक्षाकडून मावशीच्या सासऱ्यांची सही आहे, म्हणजे दिरांच्या वडिलांची. पेढीवरच्या दादांचा तोळ्याचा हिशोब मी त्याच्याखाली वेगळ्या कागदावर मांडला.

मावशीला मी श्लोक वाचून दाखवला. "वाटून घेऊ नये" पाशी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "मांडवात आईनं घातल्या तेव्हा हाताला साबण लावून चढवल्या होत्या गं. माझे हात भरलेले होते तेव्हा."

नोटिशीचा मसुदा तयार आहे, पण पाठवला नाही. मावशीच म्हणाली, आधी मी एकदा त्याच्याशी बोलते. काल तिनं याद्या हातात घेऊन फोन केला. मी शेजारी होते. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "भाऊजी, मामंजींची सही आहे. रविवारी पाटल्या घेऊन या. नाही जमलं तर सोमवारी भाची कागद पाठवेल." पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दीर म्हणाले, "येतो."

मृत्युपत्राचा कागदही आणलाय. मला वाटलं होतं दोन्ही पाटल्या ती माहेरच्या कुणाला लिहील. तिनं सांगितलं, एक तुला, एक दिराच्या धाकटीला. त्या मुलीला तिनंच लहानाची मोठी केली, जाऊ नोकरीला जायची तेव्हा. मी म्हटलं, अगं मावशी, मग भांडतोय कशाला? तर म्हणाली, "मी देईन तिला. त्यांनी माझी घेऊन तिला द्यायची नाही."

साक्षीदार म्हणून शेजारच्या आजी आणि त्यांचा मुलगा येणार आहेत. रविवारी काय होतं ते लिहीन.